सव्विसावी काच

मुलीने काच चौकटीत टेकवली आणि कडेकडेने अंगठ्याने पुट्टी दाबत नेली. शाळेच्या सव्वीस खिडक्यांपैकी ही शेवटची. सगळ्या तिनेच एका दुपारी दगडांनी फोडल्या होत्या. वय सोळा, म्हणून बाल न्याय मंडळाने तिला सुधारगृहात न धाडता काचवाल्या काकांच्या हाताखाली दिलं होतं. फोडल्यास, तर आता बसव.

हेडमास्तर कागद घेऊन वर्गात आले. ‘काम समाधानकारक’ या शब्दांखाली त्यांची सही झाली की ती सुटणार होती.

“आधी माफी. उद्या प्रार्थनेला, सगळ्यांसमोर.”

“नाही मागणार.”

“मग सुधारगृह आहेच.”

“जाईन.”

काकांनी काच कापायची हिरकणी खाली ठेवली. “अगं बये, दोन शब्दांनी जीभ झिजते का तुझी?”

“काका, मी दगड मारले ते चुकलंच. म्हणून तर महिनाभर हात कापून घेतेय. पण वर्गाच्या बाईंचं घड्याळ चोरलं म्हणून ह्यांनी मला प्रार्थनेत उभं केलं, शाळेतून नाव काढून टाकलं. आठ दिवसांनी घड्याळ बाईंच्याच कपाटात निघालं. तेव्हा प्रार्थनेत कोण काय बोललं?”

“तो विषय वेगळा,” हेडमास्तर म्हणाले.

“तुमच्यासाठी.”

काकांनी महिनाभरात तिला कारण कधी विचारलं नव्हतं. कार्टी दांडगट, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

“खरं आहे का साहेब?”

हेडमास्तर कागदाची घडी नीट करत राहिले.

“मग मंडळासमोर मीच येतो,” काका म्हणाले. “तिचं काम मी पाहिलंय. ते सांगेन, आणि घड्याळाचंही सांगेन.”

मुलीने मागे वळूनही पाहिलं नाही. उरलेली पुट्टी तिने सुरीने तासून काढली, फडक्याने काच पुसली.

हेडमास्तर खिडकीपाशी गेले. काचेवर त्यांनी बोटाने टकटक केलं. काच जराही खडखडली नाही.

“उद्या प्रार्थनेला ये.”

“सांगितलं ना, मी बोलणार नाही.”

“तू नको बोलूस.” त्यांनी कागदाची घडी उलगडली. “मी बोलेन. तू नुसती उभी राहा.”

मुलीने फडकं झटकलं.

“पहिल्या रांगेत राहीन,” ती म्हणाली. “नीट ऐकू आलं पाहिजे.”