सोफेवालीची गाठ

सोफेवालीच्या हाताला एकच खोड होती, ओढायची. सोफ्याचं कव्हर असो की गादीची शिवण, टाका रुतेपर्यंत ती धागा सोडत नसे. नवरा थट्टा करायचा, "अगं, जीव जाईल त्या कापडाचा!" ती म्हणायची, "सैल टाका घालून नाक कापून घेऊ का?"

त्या दुपारी जुन्या सोफ्यातली स्प्रिंग सटकली आणि तिचं टोक थेट नवऱ्याच्या डाव्या डोळ्यात घुसलं. दुसरी कुणी भोवळ येऊन पडली असती. हिने समोरचा कापूस उचलून डोळ्यावर दाबला आणि वरून कापडाची पट्टी करकचून आवळली.

"घट्ट होतंय गं," तो कण्हला.

"गप्प बसा हो! वाटेत सुटली म्हणजे?" असं म्हणून बाईसाहेबांनी आणखी एक गाठ मारली.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. फुटलेला डोळा त्यांनी केसाहून बारीक धाग्याने शिवला होता.

"टाके घट्ट घातलेत ना?" हिने विचारलंच.

"बेताचे घातलेत. डोळा जागेवर राहील. नजरेचं मात्र अवघड आहे, उजेड-अंधार कळला तरी खूप." मग त्या म्हणाल्या, "पट्टी कोणी बांधली होती? अशा डोळ्यावर दाब द्यायचा नसतो, आतलं बाहेर येतं. नुसती वाटी उपडी धरून आणलं असतं, तर कदाचित थोडी नजर वाचली असती."

वाटी! खिळ्यांची वाटी तर तिच्या हाताशीच होती.

"मीच बांधली," नवरा म्हणाला. "घाबरलो होतो."

डॉक्टरीणबाई गेल्या आणि ही ढसाढसा रडली. "खोटं कशाला बोललात? तुम्ही सांगत होतात, मीच मेलीने ऐकलं नाही!"

"माझा डोळा वाचवायलाच ओढत होतीस ना? मग झालं तर."

घरी आल्यावर औषधाचा थेंब टाकायची वेळ झाली, तेव्हा ती बाटली घेऊन नुसतीच उभी राहिली. "शेजारणीला बोलावते. माझा हात नको."

"शेजारीण कशाला? तूच टाक."

खालची पापणी जराशी ओढून थेंब टाकायचा, असं नर्सने दाखवलं होतं. तिने बोट पापणीला अगदी हलकेच लावलं. तो मान वर करून वाट बघत राहिला.

"अगं," शेवटी त्याने विचारलं, "पापणी धरलीस का?"