टाकीचं झाकण

थोरलीने ड्रायव्हरची सीट उचलून मागे टेकवली आणि खालच्या इंजिनाजवळ हात धरून पाहिला. फारसं तापलेलं नव्हतं. मग भर चढावर गाडीने मान का टाकली?

"ताई, डिझेल संपलं नसेल ना?" धाकट्या जावेने रस्त्यावरूनच विचारलं.

"काल संध्याकाळी काठोकाठ भरलंय."

"नाही, मी आपलं विचारलं."

मागे इस्पितळाच्या चादरींचे गठ्ठे होते, धुतलेले, इस्त्री केलेले. घरची लाँड्री होती, आणि सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून ही जुनी डिझेल व्हॅन थोरलीच चालवायची. तिसरा गिअर कुठे अडतो, थंडीत इंजिनाला किती दम द्यायचा, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. काही पोचवायचं निघालं की घरात पहिली हाक तिला पडे. मग धाकटी आली. आधी तिच्या हसऱ्या बोलण्याचं कौतुक झालं, मग कामाच्या उरकाचं. नुकतंच तिला लायसन्स मिळालं, तेव्हा सासरे म्हणाले, "हिलाही आता रस्ता दाखव. तुला जरा आराम."

तो आराम काही थोरलीच्या घशाखाली उतरला नव्हता.

तिने फिल्टरच्या तळचा स्क्रू सैल केला. पाणी नव्हतं. वायरी हलवून पाहिल्या, नळीवरून बोट फिरवलं, कुठे ओल नाही. मग फिल्टरवरचा हातपंप दाबला. तो खाली गेला तो वर यायलाच तयार होईना. म्हणजे टाकीकडून डिझेल येत नव्हतं. टाकी भरलेली, नळी धड, तरी येत नव्हतं.

एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ती टाकीकडे गेली. झाकण नवंकोरं, किल्लीचं होतं. डिझेल चोरीला जातं म्हणून धाकटीने स्वतः शोधून आणलेलं, कालच बसवलेलं. "पोरगी किती विचार करते बघा," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या. थोरलीने किल्ली फिरवली, झाकण ओढलं, आणि टाकीने फस्सदिशी हवा आत घेतली.

ती तशीच उभी राहिली. जुन्या झाकणाला टाचणीएवढं भोक होतं. डिझेल कमी होईल तशी तेवढ्यातून हवा आत जायची. या झाकणाला भोकच नव्हतं. टाकीत हवा शिरायला वाव नाही, म्हणून डिझेल बाहेर यायला तयार नाही. झाकण नुसतं सैल ठेवलं असतं तरी भागणार होतं.

"सापडलं का, ताई?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या उन्हातही तिची वेणी जागची हलली नव्हती.

"पाइपात हवा धरली असेल," थोरली म्हणाली. तिने झाकण घट्ट बसवलं आणि किल्ली फिरवली. सीटखालचा पंप आता उसळून वर येत होता. सेल्फ मारताच इंजिन लागलं.

"चल, आता तू चालव."

"मी? पुढे तर बाजाराचा चौक आहे."

"रस्ता शिकायला आलीस ना? मग!"

धाकटी चालवायला वाईट नव्हती. तिसरा गिअर अडला तिथे तिने जबरदस्ती केली नाही. मागे घेऊन पुन्हा टाकला. थोरली खिडकीबाहेर बघत राहिली.

"ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"मला ही गाडी नकोय. बाबांना नाही म्हणवेना म्हणून लायसन्स काढलं. तुम्हीच सांगा ना त्यांना, हिला जमत नाही म्हणून. तुमचं ऐकतात ते."

थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. पण जी हातची जाईल या धास्तीने तिची झोप उडाली होती, ती गाडी ही पोरगी उष्टी ताटली सरकवावी तशी परत सरकवत होती.

"बघू," ती म्हणाली.

चौक समोर दिसायला लागला. गाडी बाजूला घे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. तिने ओठ मिटले.

चौकाच्या मधोमध इंजिनाचा आवाज बारीक झाला. दोन आचके बसले आणि सगळं थांबलं. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. एका ट्रकवाल्याने मान बाहेर काढली. "ओ मॅडम, गाडी आहे का पलंग? झोपलात काय!"

धाकटी सेल्फ मारत राहिली. "माझंच काहीतरी चुकलं, ताई. मी काय केलं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे बघायला आपल्याला बरं वाटेल, असं मघाशी थोरलीला वाटलं होतं. तिने स्टिअरिंगजवळचा किल्ल्यांचा जुडगा ओढून घेतला, खाली उतरली आणि सरळ टाकीकडे गेली. झाकण उघडलं. तोच आवाज. यावेळी तिने झाकण नुसतं वर टेकवलं आणि वळली.

धाकटी मागेच उभी होती. तिने झाकणाकडे पाहिलं, मग थोरलीच्या हाताकडे.

"मघाशी चढावरही असाच आवाज आला होता," ती हळूच म्हणाली.

हॉर्न वाजतच होते.

धाकटीने हात पुढे केला. थोरलीने जुडगा तिच्या हातावर ठेवला. धाकटी गाडीत चढली, मघाशी बघितलं होतं तशी सीट उचलली, पंप मारला, सीट आपटून खाली बसवली. इंजिन लागलं. सवयीने थोरली ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आतून धाकटीने दार ओढून लावून घेतलं.

"बसा, ताई. चादरी जायच्यात."

"अगं, पण तूच म्हणालीस ना, नको म्हणून."

"बाबांना काही सांगू नका." तिने मनगटाने डोळे पुसले. "मी नेत जाईन रोज."

थोरली गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आत चढली. तिने दार ओढलं. ते लागलं नाही. पुन्हा ओढलं, तरी फट राहिलीच.

"जरा वर उचलून ओढा," धाकटी समोर बघत म्हणाली, आणि तिने गिअर टाकला.