पाणबुड्याला बोट लागली

लालासाहेब घाडग्याला पाण्याखालचं भय कधीच नव्हतं. भय होतं ते पाण्यावरचं. नौदलात भरती झाल्यावर पहिल्याच सफरीत त्याला अशी काही बोट लागली, की पोटातलं सगळं समुद्राला वाहून झालं तरी उमासे थांबेनात. त्याच सफरीत एक पाणबुड्या पाठीला हवेची टाकी बांधून खाली उतरला आणि हसतमुखानं वर आला. लालासाहेबानं त्याला एवढंच विचारलं, "गड्या, खाली हलतं का रं?"

"खाली काय हलतंय? झोप लागंल असं हाय."

लालासाहेबानं लगोलग पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाला नाव दिलं. साहेब लोकांना वाटलं, खटावच्या दुष्काळी मुलखातला गडी, गावच्या विहिरीला पाणी नाही, पण छाती बघा. हा गैरसमज त्यानं नोकरी संपेपर्यंत कुणाचा दूर केला नाही.

पुढं तो सांगलीला आला. कृष्णेवरच्या पुलांचे खांब पाण्याखालून तपासणाऱ्या एका ठेकेदाराकडं त्याला काम मिळालं. खांबापर्यंत तो पोहत जाई. होडी नको म्हणे. बायको विजयमाला आणि दोन पोरं, थोरला गुंडा आणि धाकटी हरणा, यांना मात्र तो रोज जेवताना समुद्राच्या गोष्टी सांगे. त्यातल्या प्रत्येक वादळात लालासाहेब डोलकाठी धरून ताठ उभा असे आणि बाकीचे लोक ओकत असत.

व्हायचं तेच झालं. सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळी सुट्टीत पोरांनी हट्ट धरला, की आबांनी आपल्याला शिडाच्या बोटीतनं न्यायचं. सांगलीत बोट कुठली, म्हणून लालासाहेब निर्धास्त होता. पण विजयमालाचं माहेर कोयनेच्या जलाशयाकाठी. ती म्हणाली, "अर्जुनादादाची होडी हाय की. पल्याडच्या गावची जत्रा बी आलीया. दोन दिस पाण्यावरनं जाऊ, वाटंत काठाला मुक्काम करू." आणि तिनं कौतुकानं नवऱ्याकडं बघितलं. त्या नजरेपुढं त्याला नाही म्हणवेना. निघताना त्यानं ठेकेदाराची हवेची टाकी मागून घेतली. पोरांना दाखवायला, असं सांगितलं.

सासुरवाडीला पोचल्यावर होडीत वासा उभा केला आणि सासूबाई आंबूबाईची दोन जुनी लुगडी जोडून त्याचं शीड शिवलं. अर्जुनाला शेतावर काम होतं, तेव्हा सुकाणूला कोण बसणार हा प्रश्न आला. सगळे लालासाहेबाकडं बघायला लागले.

"मोठ्या बोटीवर हे काम खलाशी करत्यात," तो म्हणाला. "माझं खातं येगळं."

"मग सरका, जावईबापू," आंबूबाई म्हणाली. तिचा सगळा जन्म कोयनेच्या काठी गेला होता. तिनं काष्टा आवळला आणि सुकाणूचा दांडा बगलेत धरला.

निघाले. भाकरीची दुरडी, घागर, कंदील, पायाशी हवेची टाकी. वारा लागला तसं हिरवं शीड टम्म फुगलं आणि पोरं टाळ्या पिटायला लागली. लालासाहेब वाशाला धरून उभा राहिला. थोडा वेळ उभा राहिला, मग बसला, मग आडवा झाला.

"आबा, वादळात कसं हुभं ऱ्हात होता, ते दावा की," गुंडा म्हणाला.

लालासाहेबानं तोंड उघडलं, पण उत्तर द्यायला नव्हे. तो होडीच्या काठावर ओणवा झाला. सकाळचे पोहे कोयनेच्या माशांना मिळाले, आणि मासे गोळा व्हायच्या आत कालचं जेवणही गेलं.

विजयमाला त्याची पाठ चोळत म्हणाली, "आवं, काय बाधलं म्हणायचं?"

"आबांना बोट लागली," हरणा म्हणाली. "आमच्या शाळंतल्या बाई बोटीनं मुंबईला जाताना त्यास्नी बी लागली हुती."

"पाणबुड्याला कशी लागंल गं?" विजयमालानं तिला दटावलं, पण नवऱ्याचा पिवळाधम्मक चेहरा बघून तिचा आवाज पडला.

एवढ्यात पाण्यातनं वर आलेला एक वठलेला आंबा दिसला. आंबूबाईनं सुकाणू वळवलं. "ह्यो आमचा आंबा. ह्याच्या खाली आमचं धरणात बुडालेलं गाव. उजव्या अंगाला आपलं घर, आन शेजारी त्या बनुबाईचं." बनुबाईचं नाव निघाल्यावर तिला राहवेना. "गाव सोडतानी लाल दगडाचा वरवंटा हरवला म्हणाली. टवका उडालेला वरवंटा, त्यो चोराया कोण बसलंय? आन आळ घेतला माझ्यावर. जत्रंत मला बघून अजून तोंड फिरवती."

लालासाहेबाला बनुबाई, वरवंटा, आळ यातलं काही ऐकू आलं नाही. आंब्याखाली गाव, उजव्या अंगाला घर, एवढंच कानावर पडलं, आणि त्यातला 'खाली' हा शब्द तेवढा मनात बसला. तो धडपडत उठला, टाकी पाठीला बांधली आणि निघता निघता म्हणाला, "होडीचा तळ बघून येतो. गळती असंल." मग नळी तोंडात धरली आणि उलटा होऊन पाण्यात गेला.

दोन-तीन पुरुष खोल गेल्यावर त्याच्या पोटातलं वादळ जागच्या जागी निवलं. हिरवट उजेडात गावची वाट दिसत होती. दगडी चौथरे तसेच होते, एका तुळशीवृंदावनात मासे फिरत होते. उजव्या अंगाच्या घरात तो शिरला. छप्पर कधीच गेलं होतं. चुलीमागच्या कोनाड्यात हात घातला तर गाळात काहीतरी जड लागलं. सासूच्या घरची वस्तू तिला नेऊन द्यावी, म्हणजे मघाचं ओकणं झाकलं जाईल, असा विचार करून त्यानं ती काखेत मारली.

वर येऊन त्यानं ती होडीत ठेवली. "मामी, घ्या. तुमच्या चुलीमागं गावला."

सगळ्यांनी बघितलं. लाल दगडाचा वरवंटा. एका टोकाचा टवका उडालेला.

 मग आंबूबाई सावकाश उठली, वरवंटा आपल्या जागेवर ठेवला, त्यावर लुगडं पसरलं आणि बसली.

"जावईबापू," ती म्हणाली, "तुमाला बोट लागती हे मी कुणाला सांगायची न्हाई."

"आन मला खाली काय बी गावलं न्हाई," लालासाहेब म्हणाला. विजयमाला पदरात तोंड लपवून हसत होती.

तह झाला. पण तहात पोरांना कुणी घेतलं नव्हतं. रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पल्याडच्या गावाजवळ आले, तर काठावर धुणं धूत बसलेली उंच म्हातारी नेमकी बनुबाईच होती. गुंडानं लांबूनच हाळी दिली, "आमच्या आबांना बोट लागली."

"कुठं लागलीया?" बनुबाई म्हणाली. "अजून काठाला यायचीय की."

होडी काठाला टेकली. सगळे उतरले, आंबूबाई मात्र उठेना. बनुबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "गुडघं धरलं का काय?"

"आजी वरवंट्यावर बसलीया," हरणानं खुलासा केला.

आंबूबाई उठली. दुसरा इलाज नव्हता. बनुबाईनं वरवंटा उचलला, टवक्यावरनं अंगठा फिरवला आणि आंबूबाईकडं बघितलं.

"सुनेच्या डोहाळजेवणाला मागून आणला हुता," आंबूबाई मान खाली घालून म्हणाली. "परत द्यायचा ऱ्हायला. मग गाव उठलं. तू चारचौघांत चोर म्हणालीस, मग मी बी हट्टाला पेटले. गाव बुडतंय तर त्यो बी बुडू दे म्हणलं."

आता भांडण पेटणार म्हणून विजयमालानं पोरांना मागं ओढलं. पण बनुबाईला वेगळाच राग आला होता. "अगं, वरवंटा न्हाई म्हणून मी पाटा तिथंच टाकून आले. आईनं दिल्याला पाटा. ह्या निस्त्या वरवंट्याचं आता काय लोणचं घालू?"

लालासाहेब पुढं झाला. "मी आणून देतो. आत्ता निघू."

"आवं, जत्रा?" विजयमाला म्हणाली.

"जत्रा हुईल मागनं. टाकीत अजून हवा हाय."

तेव्हा पाटा ओळखायला बनुबाईसुद्धा होडीत चढली. लालासाहेबानं होडीत बसायला साफ नकार दिला. होडीच्या मागं दोर बांधला, त्याला धरून मान पाण्याबाहेर ठेवून तो ओढला जात निघाला. पोरं त्याला वरनं भाकरीचे तुकडे देत होती आणि तो एकही परत देत नव्हता. सुकाणू कुठं वळवायचं यावरनं दोन्ही म्हाताऱ्यांचं वाटभर वाजत राहिलं.

आंब्यापाशी लालासाहेबानं बुडी मारली आणि बनुबाईच्या घरातनं पाटा निघाला. दोर बांधून वर ओढताना होडी एवढी कलली, की भाकरीची दुरडी कोयनेला गेली. जवळच्या काठाला उतरून विजयमालानं चूल मांडली, कुणाच्या तरी झोपडीतनं पीठ, मिरच्या आणि लसूण मागून आणला. बनुबाईनं गाळ धुऊन पाटा मांडला आणि ठेचा वाटला. पहिला बोटभर तिनं आंबूबाईच्या तळहातावर ठेवली.

आंबूबाईनं जिभेला लावून बघितलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि आणखी घ्यायला हात पुढं केला.