अर्धं बॉनेट

माझ्या कामाला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, हे कवठे महांकाळात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही दिवाळी उलटल्यावर तिसऱ्या दिवशी तानाजी कोळेकर माझ्या गाड्या धुण्या-पॉलिशच्या दुकानासमोर गाडीतून उतरला आणि रामराम न घालताच म्हणाला, "समीनाताई, माज्या गाडीची वाट लावली तुमी."

गाडी काळी, उंच, दीड वर्षाची. सावलीत नवीकोरी दिसत होती. मी ती उन्हात घ्यायला लावली. बॉनेटवर सूर्य पडला आणि त्याच्याभोवती बारीक रेघांचं जाळंच्या जाळं उठलं. आमच्या धंद्यात याला स्वर्ल म्हणतात. गिऱ्हाइकं कोळ्याचं जाळं म्हणतात आणि मला तेच नाव जास्त पटतं.

"मी ही गाडी दोनदा धुतलीय," मी म्हणाले. "साबणाची येक, साध्या पाण्याची येक अशा दोन बादल्या, आन दर गाडीला धुतलेलं कापड. माज्या हातनं ह्ये हुत न्हाई."

"मग काय भुतानं केलं? घरात आबांशिवाय गाडीजवळ कोण जात न्हाई. आन आबा तिला देवावानी जपत्यात."

तानाजी दहा वर्षं केरळात आहे. तिकडे त्याचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं. वर्षातून दोनदा गावी येतो. त्याचे वडील ज्योतिबा आबा इथेच असतात. आयुष्यभर मेंढरं राखली, आता दहा-बारा उरलीत. गाडी त्यांच्यासाठीच घेतलेली, दवाखान्याला आणि बाजाराला. चालवतो शेजारचा सयाजी.

तानाजी बोलून थांबला असता तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण संध्याकाळी त्याने 'महांकाळ कारवाले' या ग्रुपवर बॉनेटचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "समीनाताईंची करामत. आपापल्या गाड्या सांभाळा." तालुक्यात ज्याच्या दारात चार चाकं आहेत तो प्रत्येक जण या ग्रुपवर आहे. दोनशे बारा माणसं. गाडी गावात असते म्हणून तानाजीने आबांनाही त्यात घातलेलं. ग्रुपच्या नावाशेजारी जो फोटो आहे, तोही नेमका एका काळ्या गाडीचाच, तानाजीच्या स्वतःच्या नावाशेजारी आहे तसाच.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या दोन गाड्या आल्याच नाहीत. तिसऱ्याचा फोन आला, "ताई, नंतर बघू." हे 'नंतर' कधी येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. बाईमाणूस मशीन चालवतंय म्हणून लोक आधी नुसते बघायला यायचे. मग काम बघून गाड्या आणायला लागले. त्याला पाच वर्षं लागली. तानाजीच्या फोटोला पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

मी उत्तर लिहिलं. लांबलचक आणि झणझणीत. त्याच्या दुकानात सोन्यात काय काय मिसळतात इथपर्यंत माझी मजल गेली होती. पण पाठवलं नाही. पुराव्याशिवाय पाठवलं असतं तर ते नुसतं भांडण झालं असतं आणि लोकांनी दोन दिवस चवीने वाचलं असतं. मी तानाजीला फोन लावला.

"गाडी घिऊन या," मी म्हणाले. "अर्धं बॉनेट पॉलिश करून देते, फुकट. अर्धं हाय तसंच ठेवते. आठ दिवस मी गाडीला बोट लावणार न्हाई. केलेल्या अर्ध्यात परत जाळं आलं, तर दोष तुमच्या घरातला. न्हाई आलं, तर दोष माजा. तसं मीच ग्रुपवर लिवते."

"लिवाल?"

"माज्या नावानं लिवते."

पैज म्हटली की आमच्याकडच्या माणसाला राग आवरता येतो. तानाजी तासाभरात आला.

बॉनेट धुतलं, अंगात रुतलेली धूळ काढली, पुसून कोरडं केलं. बरोबर मधोमध निळी टेप ओढली. रबराच्या पट्ट्यांवरही टेप लावली, कारण मशीनचा पॅड तिथे लागला की रबर पांढरं पडतं. मग पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके पॉलिश घेतलं, मशीन बंद ठेवूनच ते बॉनेटवर टिपलं, हळू वेगात पसरलं आणि नंतर वेग वाढवला. आडव्या फेऱ्या, त्यावर उभ्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. जोर द्यायचा नाही. नवीन माणूस इथे मशीन दाबतो, रंग तापतो आणि मग बोंब.

तानाजी हाताची घडी घालून बघत होता. "रेघा पुसल्या जात्यात व्हय अशा?"

"पुसल्या जात न्हाईत. रंगावर एक पारदर्शक थर असतोय. रेघ जितकी खोल, तितका आजूबाजूचा थर घासून खाली आणायचा. मग रेघ दिसत न्हाई. पण दर येळी थर थोडा थोडा जातोय. दर दिवाळीला मला बोलवाल तर गाडीला अंगच ऱ्हाणार न्हाई."

शेवटी मऊ कापडाने पुसलं आणि टॉर्च बाजूने धरली. माझे अब्बा, रसूल पॉलिशवाले, दारा-खिडक्यांना पॉलिश करताना दिवा कायम बाजूलाच ठेवायचे. समोरच्या उजेडात दोष लपतो, हे मी अक्षरं शिकायच्या आधी त्यांच्याकडून शिकले. टेप काढली. डावीकडे जाळं, उजवीकडे तानाजीचा चेहरा, अगदी मिशीच्या केसासकट.

"आयला," तो म्हणाला आणि लगेच गंभीर झाला. "आठ दिवसांनी बघू."

त्याच दिवशी, आठव्या दिवशी सयाजी गाडी घेऊन येईल असं सांगून, तो केरळला गेला.

मी सगळ्यांना सांगत सुटले की जाळं घरातच येतंय, बघाच तुम्ही. बोलायला मी कधी मागे नसते. पण पाचव्या दिवशी बाकड्यावर बसले होते, दुकान रिकामं, मशीन झाकून ठेवलेली, आणि मनात आलं, अर्धं बॉनेट तसंच लखलखीत परत आलं तर? मला माझ्याच हाताने, दोनशे बारा माणसांसमोर, स्वतःचं दुकान बंद करावं लागलं असतं.

आठव्या दिवशी सकाळी गाडी आली. सयाजीला मी खाली पाय टेकू दिला नाही. मला वाटलं, चोर हाच.

"काय रं, कुठल्या फडक्यानं पुसतोस गाडी?"

"म्या?" सयाजीने दोन्ही हात वर केले. "ताई, आबा मला हात लावू देत न्हाईत. मी फकस्त चालवतो. मला कशाला बोलतीस?"

माझा चोर चुकला होता. मी त्याला चहा आणायला पाठवलं आणि बॉनेटकडे वळले. टॉर्च समोरून धरली, काही नाही. बाजूने धरली आणि त्या उजव्या अर्ध्यावर रेघाच रेघा. ताज्या, सरळ, काचेपासून पुढच्या टोकापर्यंत. धुताना पडलेले ओरखडे वाट्टेल तसे असतात, म्हणून त्यांचं जाळं दिसतं. या रेघा ज्याच्या होत्या तो रोज एकाच जागी उभा राहून एकाच दिशेने हात फिरवत होता. आठच दिवसांच्या म्हणून सुट्या दिसत होत्या; वर्षभर एकमेकींवर चढल्या की त्यांचंही जाळंच होतं. वायपरच्या बुडाशी एक काळा, राठ धागा अडकला होता. मी तो ओढून काढला. लोकर.

मला उडी मारावीशी वाटली. जिंकले होते मी! फोनमध्ये ते झणझणीत उत्तर तयारच होतं, त्याला फक्त फोटो जोडायचा होता.

तेवढ्यात मागचं दार उघडून ज्योतिबा आबा उतरले; ते गाडीत आहेत हे मी बघितलंच नव्हतं. पांढरं धोतर, लाल पटका, आणि खांद्यावर घोंगडं. काळं, राठ, वर्षानुवर्षं वापरून कडक झालेलं.

"पोरी," ते बॉनेटवर वाकून म्हणाले, "म्या रोज सकाळी पुसतो. एक दिस चुकवला न्हाई. तरी ह्या रेघा कुठनं येत्यात गं?"

धागा मुठीत धरून मी सरळच विचारलं.

"आबा, कशानं पुसता?"

"ह्येनं." त्यांनी खांद्यावरचं घोंगडं अभिमानाने पुढे धरलं. "आमच्यात कोकरू जलमलं की ह्येनंच पुसत्यात. कुणाच्या अंगाला कवा वरखडा आला न्हाई."

मी त्यांचा हात धरून त्यांना बाजूला उभं केलं आणि टॉर्च त्यांच्या हातात दिली. धागा बॉनेटवर ठेवला. "कोकराच्या अंगावर लोकर असती, आबा. गाडीच्या अंगावर न्हाई. घोंगड्यात रानातली माती बसलीय, कुसळं बसल्यात. तुमच्या हाताचा दोष न्हाई. त्या मातीचा हाय."

आबांनी टॉर्च हलवली. रेघा दिसल्या, गेल्या, पुन्हा दिसल्या. मग त्यांनी टॉर्च बंद करून माझ्या हातात दिली.

"मंजी म्याच."

मी टॉर्च खिशात टाकली.

"आन लेकानं तुज्यावर घातलं." ते बाकड्यावर बसले. घोंगडं खांद्यावरून काढून घडी करून बाजूला ठेवलं, नको असलेल्या वस्तूसारखं. मला ते बघवेना. "त्येला सांगितलंस?"

"न्हाई अजून."

"सांगू नगंस. माजं मी सांगतो."

मी होय म्हणाले. म्हाताऱ्याने नाहीच सांगितलं तर? पण त्यांच्या तोंडचं त्यांनाच बोलू द्यायला हवं होतं.

त्या दिवशी मी आख्खी गाडी केली. पाचही दारं, छत, सगळं. आबा संध्याकाळपर्यंत बाकड्यावरून हलले नाहीत. शेवटी मी त्यांना मऊ कापड दिलं, आधी पाणी मारून धूळ कशी काढायची ते दाखवलं आणि त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं.

"ह्ये हाताला लागतच न्हाई," ते कुरकुरले. "पुसल्यावानी वाटत न्हाई."

"म्हणूनच वरखडत न्हाई."

"आसंल," म्हणून त्यांनी कापड धोतराच्या कनवटीला खोचलं.

एक दिवस गेला. दुसरा गेला. ग्रुपवर कुणी तरी माझं नाव घेऊन हसण्याची चित्रं टाकली. मी ते जुनं उत्तर तीनदा उघडलं, तीनदा बंद केलं. शेजारच्या पंक्चरवाल्याने विचारलं, "काय झालं पैजेचं?" मी त्याच्यावर विनाकारण खेकसले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शटर ओढायला उठले आणि फोन वाजला. ग्रुपवर आवाजाचा मेसेज. पाठवणारे, ज्योतिबा आबा. त्यांना वाचता येत नाही. नावाशेजारची काळी गाडी बघून त्यांना वाटलं असणार, हाच आपला ताना.

मी ऐकायला लागले.

"ताना, आबा बोलतोय. त्या पोरीनं काय केलं न्हाई रं. गाडी म्याच खराब केली. घोंगड्यानं पुसत हुतो. मला काय ठावं, त्येनं रेघा पडत्यात." मागे मेंढरू ओरडलं. "तू ल्हान हुतास, पावसात भिजून यायचास, तवा तुलाबी ह्याच घोंगड्यानं पुसायचो. आता तू तिकडं. पाठीवरनं हात फिरवावा म्हटलं, तर तू कुठं गावतोस? म्हून गाडीवरनं फिरवायचो. रागवू नगंस. पोरीनं गाडी नवी करून दिली. तिचं नाव नीट कर. आन... जेवलास का?"

बाकड्यावर बसले ती बसूनच राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि शेजारचा पंक्चरवाला बघत होता, बघू दे. ते लांबलचक उत्तर मी काढून टाकलं.

दोनशे बारा माणसांच्या ग्रुपवर, जिथे एका सकाळी शंभर सुप्रभात येतात, कुणीही काही लिहीत नव्हतं. अंगठा नाही, हात जोडलेले नाहीत.

मग तानाजीचं नाव वर आलं. 'लिहीत आहे' असं दिसे, थांबे, परत दिसे. पहिली ओळ आली, "समीनाताई, चुकलो मी. सगळ्यांसमोर सांगतो."

आणि लगेच खाली दुसरी, आबांना वाचता येत नाही हे विसरून लिहिलेली.

"आबा, फोन उचला."