चाखणाऱ्या बाईच्या पोटातली पेशी

मी एक जुनी चरबीची पेशी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. पुएब्लाच्या डोंगरात युफ्रासिया नावाची आचारीण आहे, तिच्या पोटावर माझं घर. गावच्या संताच्या जत्रेत मोलेची हंडी तिच्याच हाताखाली शिजते. मिरची, कोको, तीळ घातलेला दाट काळा रस्सा.

रक्तवाहिनीपासून अंतर: काहीच नाही.
तरुणपणी एक बारीक वाहिनी मला टेकून वाहायची. ती प्राणवायू द्यायची, मी उरलेलं अन्न तेल करून साठवायचे. युफ्रासिया तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा मीच ते तिला परत दिलं. तेव्हा मला कोणी नावं ठेवत नसे.

अंतर: अर्धा केस.
लग्नं, बारशी, जत्रा. सगळीकडून तिलाच बोलावणं, आणि प्रत्येक हंडी चाखायची तीच. मी फुगत गेले. वाहिनी तिथेच होती, माझंच अंग मध्ये आलं. मी वाहिनीला निरोप धाडले: नव्या फांद्या पाठवा. फांद्या फुटल्याही, पण आम्ही पेशी भराभर फुगायचो आणि त्या हळू वाढायच्या.

अंतर: एक केस.
शेजारची पेशी गुदमरून मेली. मग एकेक करत बाकीच्याही. त्यांना उचलायला पांढऱ्या पेशी आल्या आणि दाह पसरवून बसल्या. मी वाहिनीला हाक मारते, प्राणवायू पोचत नाही. आता पाळी माझी.

जत्रेच्या दिवशी हंडीपाशी धाकटी बहीण ओतिलिया म्हणाली, "ताई, किती धापा टाकतेस. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"अगं, सकाळपासून उपाशी आहे मी. पाहुण्यांआधी आचारीण जेवते का कधी?"

"आणि ही पळी?"

"चाखणं म्हणजे काय खाणं होय?"

ओतिलियाने वाडगा घेतला. "तू चाखशील तेवढंच मी यात टाकते."

दुपारपर्यंत तीन वाडगे भरले.

युफ्रासियाने तिन्ही वाडगे पाहिले. मग तिने पळी बहिणीच्या हातात दिली. "मीठ तू बघ. बिघडलं तर गाव तुला हसेल, मला नाही."

त्यानंतर ती रोज मक्याची पाटी घेऊन गिरणीपर्यंत चालत जाऊ लागली. महिने गेले. मी आकसले. वाहिनी पुन्हा अंगाला लागली.

मित्रांनो, जाड माणसाला हसू नका, चरबीला वैरीण मानू नका. आमच्यापर्यंत श्वास पोचेल एवढंच आमच्यावर लादा. मला आता प्राणवायू भरपूर मिळतो. वाटून घ्यायला शेजारी मात्र कोणी उरलेलं नाही.