घरातला दादा

“हिंदी में बोलो, अम्मा. मराठी हमको समझ नहीं आती,” पाठीमागून शिपाईणबाई म्हणाली, आणि भीमाबाईंनी ओठांवर आलेलं मराठी वाक्य गिळलं.

तुरुंगाच्या जाळीपलीकडे अपर्णा उभी होती. पोरीच्या गालांची हाडं वर आली होती. झोप लागते का गं, खोकला गेला का, हे मराठीत विचारायला काही विचार करावा लागत नाही. हिंदी शब्द मात्र भीमाबाई आता बाजारातल्या वांग्यासारखा फिरवून फिरवून पाहत. कुठे किडका तर नाही? त्यांच्या एका हिंदी वाक्यानेच तर ही पोरगी आत गेली होती.

“खाना ठीक है?” त्यांनी विचारलं.

“हव,” अपर्णा म्हणाली.

खरं तर हिंदीवाचून भीमाबाईंचं कधी अडलं नव्हतं. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी भंडाऱ्याकडून त्या रायपूरला आल्या, आणि भाजीवाल्याशी भांडण्यापुरती हिंदी शिकल्याच, आणि भांडणात हरतही नसत. घरात मात्र मराठी. अपर्णा जन्मली त्या दिवसापासून थोरला लोकेश सगळ्यांचा दादा झाला. बहिणीला सवय लागावी म्हणून आधी आई दादा म्हणू लागली, मग बापही, आणि लोकेश हे नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलं.

हा दादा पुढे बोअरच्या गाडीवर मेकॅनिक म्हणून बस्तरात गेला. रस्त्याच्या कामावर जंगलात मजुरांची छावणी होती, तिथेच तो राहायचा, आणि छावणीत माणसं तापाने फणफणत होती. अपर्णा रायपुरातच, समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. ती मलेरियाच्या गोळ्या, पट्ट्या, मलम असं खोक्यात बांधून जगदलपूरच्या बसने पाठवायची. एकदा ते खोकं पोलिसांच्या नाक्यावर उघडलं गेलं.

इन्स्पेक्टर घरी आला तो बूट दाराबाहेर काढून. भीमाबाईंना माणूस भला वाटला. त्यांनी चहा ठेवला.

“माताजी, ये दवाइयाँ किसके लिए जाती हैं?”

“दादा के लिए,” त्या कौतुकाने म्हणाल्या.

“कौन दादा?”

“हमारे दादा. वहीं जंगल में रहते हैं. उनके आदमी बीमार पड़ते हैं, तो बेटी भेजती है.”

साहेबापुढे मुलाला अरेतुरे कसं करायचं, म्हणून त्या आदराने बोलल्या. इन्स्पेक्टरने चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिकडच्या बंदूकवाल्या नक्षल्यांना ‘दादा लोग’ म्हणतात, हे रायपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. भीमाबाईंनाही ठाऊक होतं. पण स्वतःच्या लेकाचं नाव घेताना कुणाच्या डोक्यात बंदूक येते?

अपर्णाला पकडल्यावर लोकेश धावत रायपूरला आला. “साहब, दादा मैं हूँ,” आईसोबत ठाण्यात जाऊन त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

“हो सकता है,” इन्स्पेक्टर म्हणाला. “पर तुम्हारे कैंप से एक भी गोली उन लोगों तक नहीं गई, ये कह सकते हो?”

लोकेशचा छातीवरचा हात खाली आला. एकदा बंदूकवाले छावणीत शिरले होते आणि अर्धं खोकं उचलून घेऊन गेले होते. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती होती?

“मेरे जवान सुरंग में उड़े हैं, माताजी,” इन्स्पेक्टर भीमाबाईंकडे वळला. “एक की माँ आपकी ही उमर की है. शायद पे छोड़ दूँ, और कल फिर फटे, तो उसको क्या मुँह दिखाऊँ?”

भीमाबाईंना त्या आईसाठी रडू आलं, अगदी खरं रडू. पण तिच्या दुःखासाठी आपली अपर्णा कोंडून ठेवायची, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नव्हतं. जामीन खालच्या कोर्टाने नाकारला, वरच्यानेही नाकारला. दादा कोण ते खटल्यात पाहू, म्हणाले. खटला काही उभा राहीना. अपर्णाची नोकरी गेली, ठरत आलेलं लग्न मोडलं.

काल कौमुदी वकीलबाईंनी शेवटचं सांगितलं होतं. “लोकेशने कोर्टात येऊन, औषधं माझ्यासाठी होती, म्हणून साक्ष द्यावी. मग काही आशा आहे. पण उलटतपासणीत अर्ध्या खोक्याचं निघालं, तर तोही आत जाईल. तुम्ही घरात ठरवा.”

लोकेशने तिथेच ठरवून टाकलं होतं. “मी देतो साक्ष. तू फक्त तिले सांग.”

ते सांगायलाच भीमाबाई आल्या होत्या. एका लेकराला बाहेर काढायला दुसरं पुढे करायचं, हे कोणत्या भाषेत सांगतात?

“बेटा,” त्या शब्द चाचपत म्हणाल्या, “वकील मॅडम बोली... दादा बोलते हैं, हम कोर्ट में...”

शिपाईणबाई दोन पावलं पुढे सरकली.

अपर्णाने ते पाहिलं. तिने दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली. “कौन दादा?” ती मोठ्याने म्हणाली.

“अगं, आपला...”

“मेरा कोई दादा नहीं है, अम्मा. वकील मॅडम को भी बोल देना.” मग ओठ न हलवता म्हटल्यासारखं, घाईघाईने, “त्याले सांग, कोर्टात पाय नको ठेवू. तुले माही शपथ हाय.”

“हिंदी में!” शिपाईणबाई ओरडली.

“खाना ठीक है,” अपर्णा म्हणाली, आणि पाठ फिरवून आत चालू लागली.

फाटकाबाहेर लोकेश पिंपळाखाली उभा होता. बस्तर सोडून आता तो रायपूरजवळच्या उरल्यातल्या लोखंडाच्या कारखान्यात ट्रक भरायचा. अंगावरची लोखंडाची काळी धूळ न झटकताच तो पाळीवरून आला होता.

“सांगितलं तिले? काय म्हणाली?”

“नको म्हणाली.”

“काहून? माह्याबद्दल काही विचारलं का?”

भीमाबाईंनी पदर तोंडाशी धरला. पोट्टीने एका वाक्यात भाऊ टाकून दिला होता, तो वाचावा म्हणून. आईला आता तेवढंच करता येण्यासारखं होतं. फाटकावरचा पहारेकरी त्यांच्याकडेच बघत होता.

“चाल, लोकेश,” त्या म्हणाल्या.

आईने आणखी कुणाला हाक मारली की काय, म्हणून लोकेशने मागे वळून पाहिलं.