शंभरातल्या ऐंशी

टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीवर बाळांचे तीनशे फोटो आणि वर ठळक अक्षरांत, ‘शंभरातल्या ऐंशी जणींची कूस उजवली!’ बायका भिंतीला हात लावून तोच हात कपाळाला लावत होत्या. दुसऱ्या ओळीत माझ्या धाकट्या जावेचं बाळ होतं, तिच्यासारखंच नकटं. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अडतीस वर्षांची, लग्नाला बारा वर्षं झालेली. ती सव्वीसची, आणि दुसऱ्याच वर्षी आई. तिला जे मिळालं ते मलाही हवं होतं, इथेच आणि लगेच.

त्यात ती सोबत आलेली, बाळाला कडेवर घेऊन.

“मॅडम, डॉक्टर सरांचा हात लागला की झालंच समजा,” समुपदेशक बाई म्हणाल्या. “बाकीकडे उपचार होतात, इथे बाळं होतात!” माझ्या आधीच्या दोघींनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं, ‘इथे’वर तसाच जोर देऊन. “या तुमच्या जाऊबाईच बघा ना. सरांचं यश!”

जाऊ गोरीमोरी झाली. “माझा उपचार झालाच कुठे? नुसतं नाव नोंदवलं होतं. तपासणीची तारीख यायच्या आत दिवस राहिले. फोटो मागितला, दिला.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी, ताई? बाळाकडेसुद्धा बघत नव्हता.”

खरंच होतं ते. उपचाराच्या फॉर्मवर सही करायला उचललेलं पेन मी खाली ठेवलं.

मी प्रयोगशाळेत बियाणं तपासते. शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवायचे आणि ठरल्या दिवशी उगवलेले मोजायचे. सुरकुतलेले दाणे आधीच काढून टाकून वर उगवण ऐंशी टक्के लिहिणाऱ्याला आमच्याकडे घरी बसवतात. नवशिक्यांना हे मीच शिकवते. आणि स्वतःच्या वेळी जावेवर जळण्यात अक्कल गहाण टाकून बसले होते.

“हे शंभर म्हणजे कोण?” मी समुपदेशक बाईंना विचारलं. “उपचार सुरू केलेल्या सगळ्या?”

“नाही, ज्यांच्या गर्भाशयात गर्भ ठेवला त्या.”

“ज्यांचा गर्भ तयारच झाला नाही, त्या?”

“त्या पुढच्या टप्प्याला आल्याच नाहीत ना!”

“आणि ऐंशी जणींना बाळ झालं?”

“चाचणी पॉझिटिव्ह आली.”

“नंतर गर्भ पडला तर?”

“चाचणी तर पॉझिटिव्हच होती, मॅडम.”

“माझ्या वयाच्या किती जणींनी उपचार सुरू केले, आणि बाळ घेऊन घरी किती गेल्या?”

बाईंनी फाईल बराच वेळ चाळली. “गेल्या वर्षी एकतीस,” त्या हळूच म्हणाल्या. “बाळ... चौघींना.”

मागच्या बाकावरची एक बाई उठून टेबलापाशी आली. “आणि बेचाळीसच्या वरच्या?” तिने विचारलं. तिच्यामागे आणखी दोघी.

बाहेर पडताना चप्पल घालायला म्हणून जावेने बाळ माझ्याकडे दिलं. पहिल्यांदाच घेतलं मी त्याला. जळफळाट होताच, तरी घेतलं.

उपचार खोटा नाही. त्यामागे शास्त्र आहे, त्याने बाळं होतात, आणि मीही तो घेणार आहे. खोटा होता तो भिंतीवरचा आकडा. तेव्हा बायांनो, फोटोंना हात जोडू नका. आपल्या वयाच्या किती जणींनी सुरुवात केली आणि किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या, एवढं विचारा. शेजारणीची भरलेली कूस बघून जीव जळेल, माझा अजून जळतो. पण सही त्या आगीत करू नका.